खड्ड्यातली हवा

बोलिंगच्या बॉलवर नख रोवलं की खूण उमटत होती. फार खोल नाही. तांदळाच्या दाण्याएवढी, एका कडेला किंचित वर आलेली. रेजिनाने मनातल्या मनात आकडे मोजले. नवापर्यंत खूण स्पष्ट होती, चौदाला पुसट झाली, आणि वीस झाल्यावरही बोट फिरवलं तर जागा लागत होती. दुकानातून आणलेल्या कोऱ्या बॉलवर नख घासलं तर नखच झिजतं. हा बॉल तीन दिवस मुरला होता.

"काय डॉक्टरीणबाई, नाडी लागतेय का?" क्लेम शिमान्यकने विचारलं.

"लागतेय," रेजिना म्हणाली. "जास्तच मऊ झालाय. चौथ्या दिवशी तडा जाईल."

"म्हणजे आज काढायचा तो बरोबर काढला. बघितलंस, अल? तुझ्या पोरीला सगळं कळतं."

अल म्हणजे अलोयझी पिओन्तेक, रेजिनाचा बाप. तो बारच्या मागे उभा राहून ग्लास पुसत होता. मान वर न करता तो नुसता हसला. मुलीची तारीफ झाली की तो असाच हसायचा, जणू एखादी जुनी उधारी कुणीतरी न मागता आणून दिली आहे.

मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या त्या बारखाली तळघर होतं आणि तळघरात चार लेन होत्या. मेपलच्या फळ्यांच्या, रेजिनाच्या आजोबांनी १९११ साली बसवलेल्या. बॉलने पाडायच्या लाकडी पिना उभ्या करणारी, मोठ्या बोलिंग हॉलमधल्यासारखी यंत्रं इथे कधीच आली नाहीत. एकतर ती तळघराच्या जिन्यातून उतरली नसती, आणि उतरली असती तरी छताला लागली असती. लेनच्या शेवटी जमिनीपेक्षा दोन हात खोल खड्डा होता. पडलेल्या पिना त्यात जायच्या, आणि खड्ड्यातल्या फळीवर पाय वर घेऊन बसलेला कायेतान खाली उडी मारून त्या पुन्हा एकेक करून मांडायचा. कायेतान एकसष्ट वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्याने दुसरं काही काम केलं नव्हतं, आणि पिनांच्या आवाजाने त्याचा एक कान केव्हाच गेला होता.

बारवरच्या फळीवर एकोणीस पिना ओळीने ठेवलेल्या होत्या. मोहल्ल्यातली एखादी जागा बंद झाली की तिथली एक पिन मालक स्वतः आणून अलोयझीकडे द्यायचा. प्रत्येक पिनेच्या पोटावर शाईने नाव आणि साल लिहिलेलं. कातडी कारखान्यामागची गुटोव्स्कीची दोन लेनची जागा, जिथे हिवाळ्यात बॉल शेगडीपाशी ठेवून ऊबदार करावे लागत. चर्चच्या तळघरातल्या तीन लेन, जिथे शिवी दिली की पाच सेंट दानपेटीत टाकायचे. लाझारची जागा, जिची चौथी लेन एका बाजूला इतकी कललेली होती की तिच्यावर शिकलेला माणूस आयुष्यात कुठेही सरळ बॉल टाकू शकला नाही. रविवारी दुपारी दोन बिअर झाल्या की म्हातारे या पिनांकडे बघत एकामागून एक नावं घ्यायचे, गेलेल्या नातेवाइकांची घ्यावीत तशी. विसावी पिन कुणाची, हे कुणी बोलत नसे. त्या गल्लीत एकच जागा उरली होती.

ती टिकली कशी, हे रेजिनाला पक्कं ठाऊक होतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी जेवताना बापाने तिला विचारलं होतं, "तुझ्या त्या लॅबमध्ये पॉलिएस्टर कशाने मऊ करतात गं?" ती गाड्यांचे रंग बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम करत होती. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही शाळेपासूनची सवय. ताटातलं बटाट्याचं सॅलड संपवता संपवता तिने द्रावकाचं नाव सांगितलं, किती तास ठेवायचं ते सांगितलं, भांडं पत्र्याचं घ्या, प्लॅस्टिकचं नको, हेही सांगितलं. कशासाठी, हे तिने विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात क्लेमचा बॉल पत्र्याच्या बादलीत गेला, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात क्लेमने तीनशेपैकी दोनशे ऐंशी गुण काढले. बॉलची पॉलिएस्टरची साल मऊ झाली की ती लाकडाला धरते. बॉल शेवटच्या दहा फुटांत वळतो आणि पिनांच्या कुशीत शिरतो. मग सगळ्यांनाच तसा बॉल हवा झाला.

त्याला ते 'लोणचं' म्हणायचे. "माझं लोणचं झालं का, अल?" असं विचारत माणसं जिना उतरायची. इतर मोहल्ल्यांतलेही येऊ लागले. पुढच्या मोसमापासून सामन्यांआधी बॉल किती कठीण आहे ते मोजणार अशी बोलवा होती, म्हणून सगळ्यांना याच हिवाळ्यात काय ते करून घ्यायचं होतं. सप्टेंबरात दोन बादल्या होत्या, नोव्हेंबरात चौदा. द्रावक कुणाच्या ना कुणाच्या कारखान्यातून यायचंच. प्रत्येक बादलीवर पत्र्याचं झाकण, झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. झाकणं बादल्यांची नव्हतीच. कुणाच्या घरच्या पातेल्याची, कुणाच्या कचऱ्याच्या डब्याची. एकही नीट बसत नव्हतं.

त्या संध्याकाळी, क्लेम आपला बॉल घेऊन गेल्यावर, रेजिना पहिल्यांदा बोलली.

"ताता, बादल्या बॉयलरच्या खोलीत नका ठेवू."

"का?"

"त्याची वाफ पेट घेते. बॉयलरमध्ये ज्योत सतत जळत असते."

"झाकणं आहेत की."

"झाकणांनी काही होत नाही."

अलोयझीने ग्लास खाली ठेवला. "बरं. उद्या हलवतो. तू म्हणतेस तर हलवतो. झालं?"

खरं तर एवढ्यावर थांबायचं नव्हतं. बादल्या बाहेर काढा, सगळ्या, आजच, असं म्हणायला ती मागे थांबली होती. पण बापाचा आवाज इतका मऊ होता, आणि बारमध्ये त्या दिवशी कितीतरी वर्षांनी बसायला जागा उरली नव्हती. ती "झालं" म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने बादल्या हलवल्या. बॉयलरपासून जास्तीत जास्त लांब, म्हणजे तळघराच्या दुसऱ्या टोकाला, खड्ड्यामागच्या अरुंद बोळात. तिने ते ख्रिसमसच्या आदल्या आठवड्यात पाहिलं. बादल्या बावीस झाल्या होत्या. ती वाफ हवेच्या अडीचपट जड असते. ती वर चढत नाही. पाण्यासारखी जमिनीवरून सरकते आणि सगळ्यांत खोल जागा शोधते.

तेव्हा ती दुसऱ्यांदा बोलली. अलोयझी म्हणाला, "सण होऊ दे." सण झाला. मग म्हणाला, "सेंट हायसिंथ चर्चच्या लोकांशी सामना आहे, तेवढा होऊ दे." एकदाही तो खोटं बोलत नव्हता. तो खरोखरच त्या दिवसानंतर काढणार होता, आणि तो दिवस आला की पुढचा एखादा दिवस त्याला दिसायचा.

उपाय एकच होता आणि तो तिला पहिल्या दिवसापासून दिसत होता. अग्निशमन खात्याला एक फोन. पण इन्स्पेक्टर आला की तो फक्त बादल्या बघणार नव्हता. खाली उतरायला एकच जिना, तोही लाकडी. साठ वर्षांच्या लाखेचे थर बसलेल्या लेन. भिंतींना लाकडी फळ्या. तो कुलूप लावणार आणि ते कधी निघणार नाही. वरच्या फळीवरच्या एकोणीसपैकी निदान सहा पिना अशाच आल्या होत्या.

आणि मोहल्ल्यात कुणी शहराला फोन करत नसे. व्हिन्सेन्ट कुल्पाने १९६६ साली केला होता, शेजारच्या जागेतल्या धुरामुळे. त्याने केला हे कुणी सिद्ध केलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांनी त्याची आई वारली. चर्चमध्ये माणसं आली, प्रार्थना म्हटल्या गेल्या, आणि शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा सहा माणसं पुढे होईनात. सगळे पायांकडे बघत उभे राहिले. शेवटी अंत्यविधीवाल्याने आपली माणसं पुढे केली. कुल्पा त्यानंतर राहायला दुसरीकडे गेला. रेजिना त्या दिवशी सातव्या बाकावर बसली होती. तीही पायांकडेच बघत होती.

जानेवारीत थंडी अशी पडली की सकाळी दाराची कडी हाताला चिकटायची. बोळाला बाहेरच्या बाजूने हात शिरेल एवढा एक झरोका होता. कायेतानला गारठा लागतो म्हणून अलोयझीने त्यात जुनी गोणपाटं कोंबली. दयेनेच कोंबली.

त्या महिन्यात कायेतान पिना चुकवू लागला. फळ्यांवर पिनांच्या जागा काळ्या ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात. डोळे मिटूनही त्याचा हात तिथे जायचा. आता एखादी पिन चार बोटं बाजूला उभी असायची, एखादी मांडायचीच राहायची.

"अरे कायेतान, नऊच पिना," क्लेम लेनच्या या टोकाहून ओरडायचा. "दहावी गहाण टाकलीस की काय?"

"दहावी तुझ्या बायकोने मागून नेली," खड्ड्यातून उत्तर यायचं. "म्हणाली, घरात एक तरी ताठ उभी राहणारी वस्तू असू दे."

सगळं तळघर हसायचं. कायेतान सगळ्यांत जास्त हसायचा, आणि सगळे थांबले तरी थोडा वेळ हसत राहायचा. रेजिनाला ते हसणं ऐकवत नसे. कारखान्यात टाकी धुताना वाफ चढलेल्या माणसांचं असं हसणं तिने दोनदा ऐकलं होतं. त्यांना लगेच बाहेर ओढून काढलं होतं.

शुक्रवारी तिने प्रयोगशाळेतलं वायू मोजायचं यंत्र वहीत सही करून घरी आणलं. शिवणाच्या डब्याएवढी पेटी, एक रबरी नळी, हातात दाबायचा रबरी फुगा, आणि काचेखाली शून्य ते शंभर आकड्यांवर फिरणारा काटा. शंभर म्हणजे हवा पेट घ्यायला तयार. कारखान्यात काटा विसाला लागला की भोंगा वाजतो आणि काम थांबतं. शुक्रवारभर ती पेटी तिच्या पिशवीत राहिली, शनिवारीही राहिली. मोजलं नाही तोवर तिच्याकडे फक्त शंका होती, आणि शंका घेऊन माणूस जेवू शकतो, झोपू शकतो. आकडा एकदा कळला की तो नकळलेला करता येत नाही.

रविवारी चर्चमधली साडेदहाची प्रार्थना संपली आणि सेंट हायसिंथची मंडळी कोटावरचा बर्फ झटकत आली. तळघरात चाळीसेक माणसं. भिंतीशी बाकावर बायका, मांडीवर सॉसेजच्या बशा. तो गोडसर, नाकाला बरा वाटणारा वास आता कुणाच्या लक्षातही येत नव्हता. रेजिना तिसऱ्या लेनपाशी गुण लिहायला बसली होती. अलोयझी दर पाच मिनिटांनी जिन्यावरून डोकावून गर्दी मोजून जायचा. इतकी माणसं त्याने १९५८ नंतर पाहिली नव्हती.

क्लेमने स्ट्राइक टाकला, एका बॉलमध्ये दहाही पिना. पिना फुटल्यासारख्या उडाल्या. त्या खाली स्थिर होईपर्यंत कायेतानने फळीवर बसल्या बसल्या सिगारेट तोंडात धरली, गुडघ्यात वाकला आणि फळीच्या खालच्या कडेवर काडी ओढली.

साठ फुटांवरून रेजिनाने ती ज्योत पाहिली. पिवळी ज्योत नेहमीसारखीच होती. तिच्याभोवती मात्र एक फिकट निळी टोपी होती, ज्योतीपेक्षा उंच, कडा थरथरणारी. तो हात वर घेऊ लागला तशी टोपी लहान होत गेली आणि छातीपाशी आल्यावर दिसेनाशी झाली. त्याने सिगारेट पेटवली, काडी झटकून विझवली.

जुन्या काळी कोळशाच्या खाणीत लोक दिव्याच्या ज्योतीवरची निळी टोपी बघून वायू ओळखायचे. टोपी दिसते तेव्हा हवा अजून पेटायच्या खाली असते. किती खाली, ते टोपीच्या उंचीवरून कळतं.

रेजिनाने पेन्सिल खाली ठेवली. पिशवी उचलली आणि लेनच्या कडेच्या अरुंद पायवाटेने ती मागे चालत गेली.

"ए, गुण कोण लिहिणार?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तिला कायेतानशी लग्न करायचंय," क्लेम म्हणाला. "जाऊ दे तिला. चौतिशी उलटली, किती दिवस थांबेल."

कायेतानचे डोळे लाल होते. तिला बघून तो खूश झाला.

"रेजिन्का. तू इकडे कुठे? कपडे खराब होतील."

"सिगारेट द्या."

"तू कधीपासून ओढायला लागलीस?"

"द्या ना."

त्याने दिली. ती तिने उंच धरली, बाजूच्या भिंतीवरच्या बिअरच्या अर्ध्या बाटलीत टाकली आणि चर्र आवाज होईपर्यंत थांबली. मग पेटी उघडली आणि नळी खाली सोडली. फळीच्या उंचीला काटा अकरावर गेला. गुडघ्याच्या उंचीला एकोणतीस. खड्ड्याच्या तळाशी, जिथे पडलेल्या पिना पसरल्या होत्या, तिने फुगा चारदा दाबला. काटा चौसष्टला जाऊन थांबला. तिने पुन्हा चारदा दाबला. सहासष्ट.

"डोकं दुखतं का हो?" तिने त्याच्या चांगल्या कानापाशी विचारलं.

"महिनाभर झाला. बायको म्हणते, चष्मा लागला असेल. काय दाखवतंय ते घड्याळ?"

"वर चला. कोट घ्या आणि रस्त्यावर जा."

"खेळ चालू आहे, पोरी."

"खेळ संपला. काड्यांची पेटी माझ्याकडे द्या."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खिशात हात घातला. पेटी दिली. फळीवरून उतरताना तो डगमगला. तिने त्याला दंडाला धरून पायवाटेवर घेतलं. मग ती लेनवर आली. भर लेनवर, बाहेरच्या चपला घालून. तिथल्या कुणीही आयुष्यात कधी तसं केलं नव्हतं, आणि त्यानेच सगळे गप्प झाले.

"सगळ्यांनी वर जा," ती म्हणाली. आवाज तिने वाढवला नाही. "सावकाश. कुणी काही पेटवू नका, दिव्याच्या बटणांनाही हात लावू नका. जळती सिगारेट ज्याच्या हातात आहे त्याने ती हातातच धरून आधी वर जावं. खाली टाकू नका."

"डॉक्टरीणबाई, गंमत पुरे," क्लेम म्हणाला. "माझे सात स्ट्राइक झालेत."

"तुझ्या बायकोला घेऊन वर जा, क्लेम."

तिच्यामागून कायेतान भिंतीला धरून येत होता, ओठ राखाडी झालेले. क्लेमने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातला बॉल रॅकवर ठेवला, अगदी हळू, आणि बायकोला हाक मारली. बायकांनी बशा तशाच उचलल्या. जिन्यावर चाळीस माणसांच्या पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो लाकडी जिना इतका अरुंद होता की दोन माणसं शेजारी मावत नव्हती. रेजिना खाली उभी राहून शेवटचा माणूस चढेपर्यंत मोजत होती. चार मिनिटं दहा सेकंद लागली, आणि कुणालाच घाई नव्हती.

ती वर आली तेव्हा माणसं कोट शोधत होती, अर्धी बाहेर फुटपाथवर बर्फात उभी होती. अलोयझी बारच्या मागे होता. त्याचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता.

"माझ्या घरातून माझी गिऱ्हाइकं हाकललीस."

"ताता, कायेतानच्या पायापाशी सहासष्ट आहे."

"सहासष्ट काय?"

"शंभराला सगळं उडतं. तो तिथे काडी ओढत होता."

दारातून कायेतान दिसत होता. बाहेर पायरीवर बसून तो वाकून ओकत होता आणि क्लेमने त्याचं कपाळ धरलं होतं. अलोयझीने ते पाहिलं. हातातलं फडकं त्याने नीट घडी करून बारवर ठेवलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. तोच मऊ आवाज. "चूक माझी. आज काढतो. हे लोक आहेतच, हातोहात अंगणात नेऊन ठेवतो सगळ्या बादल्या. झरोका उघडतो. कायेतानला आठवडाभर सुट्टी. झालं?"

तो तिच्याकडे बघत होता. आज तो खरोखरच काढेल, यात तिला शंका नव्हती. सगळे मिळून काढतील, थोडे खजील होऊन, एकमेकांना टोमणे मारत. मग पुढच्या रविवारी कुणीतरी एखादीच बादली घेऊन येईल, एवढी एक राहू दे म्हणेल, आणि तो राहू देईल. त्याच्यात वाईटपणा तसूभरही नव्हता. म्हणूनच इतके महिने गेले होते.

बारच्या टोकाला फोन होता. ती तिथे गेली आणि रिसीव्हर उचलला. खोलीत उरलेली पाच-सहा माणसं जागच्या जागी थांबली. कुणीतरी दार लावून घेतलं, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"कुणाला करतेस?" अलोयझीने विचारलं. त्याला कळलं होतं. तरी त्याने विचारलं.

"रेजिना," क्लेमची बायको हलकेच म्हणाली, "घरातलं घरात राहू दे. नंतर तुलाच जड जाईल."

"माहीत आहे," रेजिना म्हणाली.

बापाच्या डोळ्यांत बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताच्या आवाजात ती म्हणाली,

"अग्निशमन खात्याला, ताता. खाली एकतीस बादल्या आहेत आणि एकच जिना आहे, असं सांगणार आहे. बॉल मुरवायला यांना मी शिकवलं, तेही सांगणार आहे. या आणि जागेला कुलूप लावा, असं मी त्यांना सांगणार आहे."